मिनीव्हॅनची नवी पिढी फ्लोअरपासून कशी घडते

प्रश्न असा आहे की, एखाद्या कौटुंबिक मिनीव्हॅनची 'नवी पिढी' आली असे सांगितले जाते तेव्हा तिच्यात नेमके काय नव्याने आखलेले असते, त्याला इतकी वर्षे का लागतात, आणि एवढे करूनही गाडी पुन्हा त्याच पेटीसारख्या आकाराची का दिसते. वाहनांच्या पॅकेजिंगचे काम मी बरीच वर्षे केले आहे. माणसे, सीट, इंजिन, इंधनटाकी, चाके आणि सामान या सर्वांना एकाच कवचात जागा वाटून देणे, असे या कामाचे स्वरूप असते. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी गाडीच्या चेहऱ्यापासून सुरू न करता तिच्या फ्लोअरपासून सुरू करतो, कारण मिनीव्हॅनच्या बाबतीत बहुतेक सगळे निर्णय तिथेच होतात आणि बाकीची गाडी त्या निर्णयांचे परिणाम निभावत असते.

हा वाहनप्रकार मुळात फ्लोअरमुळेच जन्माला आला. हॅल स्परलिच आणि ली आयाकोका या मोटार उद्योगातील दोन अधिकाऱ्यांनी ही कल्पना आधी फोर्डमध्ये मांडली होती. तिथे ती स्वीकारली गेली नाही आणि दोघेही पुढे क्रायस्लरमध्ये गेल्यावर ती प्रत्यक्षात आली. नोव्हेंबर १९८३ मध्ये कॅनडातील विंडसरच्या कारखान्यात डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर यांचे उत्पादन सुरू झाले. त्याआधीच्या मोठ्या व्हॅनमध्ये मागची चाके फिरवणारा लांब शाफ्ट गाडीखालून जात असे आणि त्यामुळे फ्लोअर उंच ठेवावा लागत असे. क्रायस्लरने आपल्या के-कार मोटारींची पुढची चाके फिरवणारी रचना घेतली. शाफ्ट गेला, फ्लोअर सपाट झाला, खाली आला, आणि गाडीची एकूण उंची घराच्या गॅरेजमध्ये मावेल एवढी ठेवूनही आत तीन रांगा बसवता आल्या. युरोपात १९८४ साली आलेल्या रेनॉ एस्पासनेही वेगळ्या वाटेने जवळपास हेच साधले. खालचा सपाट फ्लोअर, त्यावर ताठ बसलेली माणसे आणि त्यांच्या डोक्यावर पुरेशी जागा, एवढे मान्य केले की बाहेरचा आकार पेटीसारखा होणे अटळ असते. शेवटच्या रांगेच्या डोक्यावरचे छप्पर खाली उतरवले तर गाडी देखणी होते, पण तिसऱ्या रांगेत मग फक्त लहान मुलेच बसू शकतात. म्हणून पिढ्या बदलल्या तरी बाहेरची रेषा फारशी बदलत नाही. यात आळस नाही. आतल्या माणसांना दिलेली जागा परत काढून घेता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता या फ्लोअरखाली किती गोष्टींची दाटी असते ते पाहू. इंधनटाकी साधारणपणे दुसऱ्या रांगेच्या खाली असते. एक्झॉस्टचा पाइप संपूर्ण लांबीभर जातो. मागच्या सस्पेन्शनला वर-खाली होण्यासाठी मोकळी जागा लागते. तिसरी रांग दुमडून फ्लोअरमध्ये गडप व्हायची असेल, तर मागच्या आसाच्या पलीकडे एक खोल खड्डा लागतो, आणि पूर्वी तिथेच राहणारे जादा चाक तिथून हुसकले जाते. होंडाने १९९४ साली जपानमध्ये आणलेल्या पहिल्या ओडिसीत तिसरी रांग अशी फ्लोअरमध्ये दुमडण्याची सोय दिली आणि पुढे ती या वर्गात जवळजवळ सक्तीची झाली. त्या एका सोयीमुळे मागचे सस्पेन्शन, टाकीचा आकार आणि जादा चाकाची जागा या तिन्ही गोष्टींची फेरआखणी सगळ्यांनाच करावी लागली. सीट दुमडली की खरेदीदार खूश होतो. तिच्यासाठी चाक कुठे हलवले, हे त्याला पहिल्यांदा पंक्चर होईपर्यंत कळत नाही.

या ओढाताणीचे सर्वांत शिकवणारे उदाहरण म्हणजे क्रायस्लरची 'स्टो अँड गो' सीट. २००५ च्या मॉडेलपासून त्यांनी दुसरी रांगसुद्धा फ्लोअरमध्ये दुमडून नाहीशी होईल अशी व्यवस्था केली. तोपर्यंत दुसऱ्या रांगेची सीट काढायची म्हणजे एक जड वस्तू उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवायची, आणि प्रवासाच्या मध्येच गरज पडली तर काहीच करता येत नसे. नव्या रचनेने ती अडचण सोडवली, पण दुसऱ्या रांगेच्या पायांशी दोन मोठे खड्डे आले आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला वाटच उरली नाही. परिणामी चारही चाके फिरवणारा प्रकार त्यांना बंद करावा लागला. पुढे २०१७ च्या मॉडेलची पॅसिफिका आली, तेव्हा तिच्या प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनाबरोबर बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेल्या प्रकारात सुमारे १६ किलोवॉट-तासांची बॅटरी नेमकी त्याच खड्ड्यांच्या जागी बसवली गेली. म्हणजे त्या प्रकारात दुसरी रांग फ्लोअरमध्ये दुमडत नाही. शाफ्ट आणि दुमडणारी दुसरी रांग या दोहोंना एकत्र नांदवणारी रचना त्यांना २०२० च्या सुमारासच बाजारात आणता आली. फ्लोअरखालची एकच जागा सीटला द्यायची, शाफ्टला द्यायची की बॅटरीला, या एकाच प्रश्नाची उत्तरे ते पंधरा वर्षे शोधत होते, असे मला वाटते, आणि त्या चिकाटीबद्दल मला आदर आहे.

टोयोटाने २०२१ च्या सिएनामध्ये हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. ती गाडी केवळ हायब्रिड म्हणून आली. आधीचे सहा सिलिंडरचे इंजिन गेले आणि त्याच्या जागी २.५ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन व विद्युत मोटर यांची मिळून २४५ अश्वशक्ती आली. चारही चाके फिरवणाऱ्या प्रकारात मागची चाके फिरवण्यासाठी मागेच एक स्वतंत्र मोटर बसवली, त्यामुळे पुढून मागे जाणारा शाफ्ट लागतच नाही. बॅटरी पुढच्या सीटखाली सामावली. अमेरिकेच्या अधिकृत चाचणीत फक्त पुढची दोन चाके फिरवणाऱ्या प्रकाराला मिळालेला एकत्रित आकडा ३६ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला सुमारे १५ किलोमीटर होता. एवढ्या मोठ्या पेटीच्या मानाने हा आकडा फार चांगला आहे. पण इथेही एक देवघेव आहेच. दुसऱ्या रांगेच्या सीटमध्ये एअरबॅग बसवल्यामुळे त्या सीट घरच्या घरी काढून ठेवता येत नाहीत. सात सीटच्या प्रकारात त्या मागे-पुढे सुमारे ६३ सेंटिमीटर सरकतात खऱ्या, पण मोठे फर्निचर किंवा प्लायवूडचे पत्रे वाहून नेणाऱ्या कुटुंबाला हा बदल जाचक वाटला तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

पायाच बदलला की गाडीचा स्वभाव कसा बदलतो, याचे उदाहरण आपल्या वाचकांना परिचित असलेल्या इनोव्हात दिसते. २००४ सालची इनोव्हा शिडीसारख्या चासीवर उभी होती आणि तिची मागची चाके फिरत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखवलेली पिढी मोनोकॉक बांधणीची, म्हणजे वेगळी चासी नसून कवचच सांगाड्याचे काम करते अशी, आणि पुढची चाके फिरवणारी झाली. नाव तेच राहिले, पण वजन कुठे पडते, चढताना पाय किती उचलावा लागतो, शेवटच्या रांगेत पाय कुठे ठेवायचे, हे सगळे नव्याने ठरले. याला मी खऱ्या अर्थाने नवी पिढी म्हणतो. उलट तोच फ्लोअर, तीच दारे आणि तोच काचांचा सांगाडा ठेवून दिवे, बंपर आणि डॅशबोर्ड बदलले असतील, तर जाहिरातीत काहीही म्हटलेले असो, ते मध्यावधी नूतनीकरण असते.

फ्लोअरनंतर दार. सरकत्या दाराचा निर्णय चुकला तर तो सुधारायला किती वेळ लागतो, हे १९९० च्या दशकातील एका घटनेवरून स्पष्ट होते. फोर्डने १९९५ च्या मॉडेलची विंडस्टार बाजारात आणली तेव्हा तिला सरकते दार एकाच बाजूला, म्हणजे अमेरिकेत पदपथाकडे येणाऱ्या उजव्या बाजूला होते. पाठोपाठ क्रायस्लरने १९९६ ची नवी पिढी आणली आणि तिच्यात चालकाच्या बाजूलाही सरकते दार देऊ केले. लोकांनी ते तत्काळ उचलून धरले, कारण दोन मुलांना दोन्ही बाजूंनी बसवता येणे ही रोजची सुटका होती. विंडस्टारची डावी बाजू मात्र संपूर्ण बंद पत्र्याची आखलेली होती. दार द्यायचे तर त्या बाजूचा मोठा पत्रा, त्याचे साचे, मधला खांब, खालची बैठक आणि धडकेत ताकद वाहून नेणारे मार्ग, हे सगळे पुन्हा करावे लागणार होते. म्हणून १९९८ साली त्यांनी तात्पुरता उपाय म्हणून चालकाचे दारच लांब केले, जेणेकरून त्यातून मागे वाकून जाता यावे. चौथे दार मिळाले ते १९९९ च्या नव्या आराखड्यातच. हे प्रकरण नव्या अभियंत्यांनी अभ्यासावे असे मला मनापासून वाटते, कारण त्यात कोणी निष्काळजी नव्हते. फक्त एका मोठ्या पत्र्याचे साचे तयार झाले होते आणि साचे तयार झाल्यावर मत बदलता येत नाही.

सरकते दार बाहेरून सोपे दिसते. ते तीन रुळांवर चालते: एक वर, एक मध्ये मागच्या पत्र्यावर आणि एक खाली पायरीच्या आत. खालच्या रुळासाठी पायरीत खोबण लागते, म्हणजे फ्लोअर तेवढा अरुंद होतो. मधला रूळ कुठे संपतो यावरून दार किती मागे जाईल ते ठरते, आणि दार किती मागे जाईल यावरून तिसऱ्या रांगेत जाणाऱ्या माणसाला किती फट मिळेल ते ठरते. पेट्रोल भरण्याचे झाकण त्याच बाजूला असेल, तर झाकण उघडे असताना दार सरकू नये म्हणून स्वतंत्र अडसर बसवावा लागतो. तो नसेल तर नळी लावलेली असताना आतले मूल बटण दाबते आणि दार येऊन नळीवर आदळते. विजेवर चालणारे दार उतारावर थांबले पाहिजे, बोट आले की परत फिरले पाहिजे, आणि थंडीत रबर कडक झाल्यावरही पूर्ण बंद झाले पाहिजे. या तिन्ही अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. रबर पक्के बसावे म्हणून जोर वाढवला की बोट ओळखणे कठीण होते. दारावरच्या एवढ्या कामाचे कौतुक कोणी कधी करत नाही, पण मुलाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईला किंवा बापाला गाडीचा दर्जा कळतो तो त्याच दारातून.

तिसऱ्या रांगेबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण माझ्या मते मिनीव्हॅनचा प्रामाणिकपणा तिथे तपासला जातो. आराखड्यात प्रत्येक बसणाऱ्या माणसाचा एक बिंदू असतो, त्याच्या कमरेच्या सांध्याचा. तो बिंदू टाचेपासून किती वर आहे यावरून मांड्यांना आधार मिळतो की गुडघे छातीशी येतात, ते ठरते. मागच्या दोन चाकांच्या कमानींमुळे तिसऱ्या रांगेची रुंदी आधीच कमी झालेली असते, आणि खाली दुमडण्यासाठी सीटची गादी पातळ ठेवावी लागते. व्हीलबेस वाढवणे हा एक मार्ग आहे. फोक्सवॅगनने आयडी बझ या आपल्या विद्युत व्हॅनच्या लांब प्रकारात दोन आसांमधले अंतर २५० मिलिमीटरने वाढवले, ते तिसऱ्या रांगेसाठीच. पण प्रत्येक वाढवलेल्या सेंटिमीटरने गाडी वळायला मोठी जागा मागते, आणि ज्या कुटुंबांसाठी ती बनते त्यांना रोज शाळेसमोरच्या गर्दीत ती वळवायची असते.

यात माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. एका प्रकल्पात आम्ही दुसऱ्या रांगेच्या सीट अधिक जाड आणि आरामदायी केल्या. कागदावर तिसऱ्या रांगेत जाण्याची फट पूर्वीएवढीच होती, कारण सीट पुढे वाकवून ती मोजली होती. लाकूड आणि फोमचा पूर्ण आकाराचा सांगाडा तयार करून त्यात मुले असलेली कुटुंबे बोलावली, तेव्हा पहिल्याच दिवशी लक्षात आले की दुसऱ्या रांगेत लहान मुलाची सुरक्षा-सीट पट्ट्यांनी बांधलेली असते आणि ती बांधलेली असताना सीट आम्ही गृहीत धरली तशी वाकतच नाही. मोठा भाऊ मागे जाणार तरी कसा? आम्ही मोजमाप रिकाम्या गाडीचे केले होते. ती गाडी रिकामी कधीच राहणार नव्हती. सुदैवाने साचे झालेले नव्हते. सीटचा खालचा सांधा बदलून ती बांधलेल्या सुरक्षा-सीटसकट पुढे सरकेल अशी करायला आम्हाला कित्येक महिने लागले आणि सीटची जाडी थोडी कमी करावी लागली. तेव्हापासून रिकाम्या गाडीच्या मोजमापावर मी सही केलेली नाही.

सुरक्षेचे नियम आणि चाचण्या हे नव्या पिढीचे दुसरे मोठे कारण असते. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१२ साली एक नवी चाचणी सुरू केली. तिच्यात गाडीच्या पुढच्या भागाचा फक्त एक छोटा कोपरा अडथळ्यावर आदळतो. मिनीव्हॅनचे नाक आखूड असते आणि पुढचे चाक चालकाच्या पायांच्या जवळ असते, त्यामुळे धडकेची शक्ती मुख्य तुळयांना चुकवून थेट चाकावर आणि दाराच्या पुढच्या खांबावर येते. २०१४ मधील निकालांत ओडिसीला 'चांगली' अशी श्रेणी मिळाली, तर निसान क्वेस्ट आणि क्रायस्लर टाउन अँड कंट्री यांना 'निकृष्ट'. असा दोष वरून पट्ट्या जोडून पूर्णपणे जात नाही. नव्या सांगाड्याची वाट पाहावी लागते. त्याच संस्थेने २०२२ साली समोरच्या धडकेच्या चाचणीत मागच्या सीटवरही एक पुतळा बसवला, आणि पुढच्या वर्षी तपासलेल्या चारही मिनीव्हॅनपैकी एकीलाही त्यात चांगली किंवा समाधानकारक श्रेणी मिळाली नाही. हा निकाल मला अस्वस्थ करणारा होता. पुढच्या सीटचे पट्टे धडकेच्या क्षणी आधी आवळतात आणि मग छातीवर जास्त भार येऊ नये म्हणून किंचित सैल सोडतात. मागच्या सीटना ही यंत्रणा देण्यात उद्योगाने उशीर केला. जी गाडी मागे बसणाऱ्यांसाठीच विकत घेतली जाते तिच्यात तरी तो उशीर व्हायला नको होता.

बाह्यरूपाबद्दल थोडक्यात. जनरल मोटर्सने १९९० च्या मॉडेलमध्ये पाँटिअॅक ट्रान्स स्पोर्ट आणि तिच्या भगिनी गाड्या लांब, उतरत्या नाकाच्या केल्या. काच इतकी पुढे गेली की चालकापुढे डॅशबोर्डचे मोठे पठार तयार झाले आणि गाडीचे पुढचे टोक कुठे आहे हे कळेना. त्यापैकी शेवरोलेचे नाक काही वर्षांतच आखूड करावे लागले. निसानने २००४ च्या क्वेस्टमध्ये वेगाचे काटे चालकासमोरून काढून डॅशबोर्डच्या मध्यभागी नेले आणि २००७ मध्ये ते पुन्हा चालकासमोर आणले. याउलट २०११ च्या ओडिसीची खिडक्यांखालची रेषा तिसऱ्या रांगेपाशी एकदम खाली उतरते. ती अनेकांना विचित्र वाटली, पण त्यामुळे मागे बसलेल्या मुलाला बाहेरचे दिसते. रूपात धाडस करायचे तर ते असे करावे. सध्याची प्रथा एसयूव्हीसारखे उभे नाक आणि जाड कमानी देण्याची आहे, आणि तिचे कारण उघड आहे: २००० सालच्या सुमारास अमेरिकेत वर्षाला १३ लाखांहून अधिक मिनीव्हॅन विकल्या जात होत्या, त्यानंतर ती कुटुंबे मोठ्या संख्येने एसयूव्हीकडे वळली. नाकाला माझी हरकत नाही, फक्त त्यासाठी फ्लोअर वर उचलला जाऊ नये.

विद्युत मिनीव्हॅनमध्ये नेमका हाच धोका आहे. चाकांच्या मध्ये पसरलेल्या बॅटरीची जाडी फ्लोअरखाली धरावीच लागते. तेवढा फ्लोअर वर आला की एक तर छप्पर वर न्यावे लागते, आणि वाऱ्याचा विरोध वाढून बॅटरीचा पल्ला घटतो, किंवा माणसांना पाय पसरून खाली बसवावे लागते. शिवाय दुमडणाऱ्या सीटचे खड्डे आणि बॅटरी एकाच जागेवर हक्क सांगतात. माझा अंदाज आहे की पुढच्या काही वर्षांत दुसरी रांग फ्लोअरमध्ये गडप करण्याची सोय मागे पडेल आणि तिच्या जागी लांब सरकणाऱ्या, हलक्या सीट येतील.

इतकी वर्षे का लागतात, याचे उत्तर या सगळ्यात आलेच आहे. प्राथमिक आराखड्यापासून पहिली गाडी बाहेर पडेपर्यंत साधारण चार ते पाच वर्षे जातात. त्यातल्या पहिल्या दीड-दोन वर्षांत चाकांची जागा, खांब, फ्लोअरची उंची आणि दारांची उघडीप गोठवली जाते. मातीचे पूर्णाकृती मॉडेल त्यानंतरही थोडेफार घासता येते, पण ते बिंदू हलवता येत नाहीत. बराचसा पाया त्याच कंपनीच्या मोटारी आणि एसयूव्हींबरोबर वाटून घेतलेला असतो, त्यामुळे मिनीव्हॅनला हवा तो बदल इतरांनाही परवडावा लागतो.

ज्यांना नव्या पिढीची गाडी घेण्यापूर्वी स्वतः तपासायची आहे, त्यांनी आपल्या मुलाची सुरक्षा-सीट बरोबर न्यावी. ती दुसऱ्या रांगेत पक्की बांधावी आणि मग घरातील सर्वांत उंच माणसाला तिसऱ्या रांगेत जायला सांगावे. तो बसल्यावर पाच मिनिटे तिथेच राहू द्यावा, कारण गादी पातळ असल्याचे पहिल्या मिनिटात कळत नाही. गाडी चालवताना एकाने मागेच बसावे आणि पुढच्याशी नेहमीच्या आवाजात बोलून पाहावे. मागच्या चाकांचा आवाज या पेटीत घुमतो आणि तो पुढच्या सीटवर बसून कधीच कळत नाही. नंतर तिसरी रांग उभी ठेवून मागे आपली नेहमीची बॅग आणि बाबागाडी मावते का ते पाहावे. शेवटी विक्रेत्याला जादा चाक कुठे आहे ते दाखवायला सांगावे, आणि ते नसेल तर त्याच्या जागी पंक्चर भरण्याचा संच दिला आहे की फुटल्यावरही चालणारे टायर, हे विचारून घ्यावे.